शेंग कुठवर पोचली?

सहावीच्या मुलांना बसमधून नदी दाखवायला न्यायचं, आणि तीही रामनदी, हे ऐकून स्टाफरूममध्ये हशा पिकला होता. "पाषाणचा नाला का?" असं एकीनं विचारलंसुद्धा. मला मात्र तीच हवी होती. गोदावरी उगमापासून मुखापर्यंत एका दिवसात दाखवता येत नाही, रामनदी येते. तिनं भुकूमजवळच्या खाटपेवाडीहून निघायचं आणि भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर करत औंधच्या बाजूला मुळेला मिळायचं. सगळा प्रवास जेमतेम १८-१९ किलोमीटरचा.

शाळा पुण्यात, कोथरूडला. चांदणी चौकाचा चढ संपला आणि ड्रायव्हरकाकांनी गिअर बदलला, तशी मी उठून उभी राहिले. "आत्ता गिअर बदलला ना, ती रेघ लक्षात ठेवा. मागे पडलेला पाऊस मुठेला जातो. उजवीकडे बावधनच्या उतारावर पडलेला रामनदीला." मुलं खिडकीतून ती रेघ शोधायला लागली. रेघ नव्हतीच, ट्रॅफिक होता.

खाटपेवाडीला पोचल्यावर निराशा झाली. मुलांना गोमुख हवं होतं. समोर टेकड्यांमधला एक तलाव, ओलं गवत आणि खाली उतरणारा ओहोळ. सप्टेंबर असल्यामुळे निदान वाहत तरी होता. "बाई, उगम नक्की कुठंय?" मी वर हात केला. त्या उतारावरून येणारं, दगडांतून पाझरणारं सगळंच पाणी. "म्हणजे अख्खा डोंगरच उगम?" मी इतकी वर्षं फळ्यावर उगमाला एक ठिपका काढत आले आहे.

मग प्रवाहाचा वेग मोजला. ओहोळाच्या काठानं १० मीटरची दोरी लावली, गुलमोहराची वाळकी शेंग सोडली आणि घड्याळ चालू केलं. पहिल्या वेळी शेंग दगडाला अडकली, दुसऱ्या वेळी एकानं पाय घातला. तिसऱ्या वेळी नीट वाहत गेली, २५ सेकंद. म्हणजे सेकंदाला ४० सेंटिमीटर. गणितात हुशार असलेल्या मुलानं तिथंच उभ्या उभ्या हिशेब केला: १८ किलोमीटरला साडेबारा तास. "बाई, शेंग रात्री मुळेला पोचेल!" मी "शाब्बास" म्हणून त्याच्या वहीत बरोबरची खूण केली. त्या खुणेची आठवण झाली की मला अजून कसंसंच होतं.

भूगावला याच नदीवरच्या मानस तलावाशी थांबलो. डबे उघडले, गलका झाला. एरवी वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी काठाशी एकटी बसली होती. तिनं एक पान पाण्यात टाकलं होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती. मी शेजारी जाऊन उभी राहिले. पान पुढे जात नव्हतं. वारा समोरून होता, पान हळूहळू काठाकडे, आम्ही आलो त्या बाजूला परत येत होतं.

"बाई, इथं पाणी चालतच नाही," ती म्हणाली. "मग शेंग रात्री कशी पोचेल?"

मी त्या मुलाला हाक मारली, वही मागितली आणि खूण खोडली. तो जरा चिडला. "मग किती तास?" मला सांगता येईना. सांडव्यावरून पाणी किती जातंय, वारा कुठला आहे, शेंग बुडतेय की तरंगतेय, काय काय धरायचं हिशेबात? शेवटी तिनंच वहीत लिहिलं, "शेंग : मानस तलावात. पुढचं माहीत नाही."

पुढचा पल्ला भराभर झाला. बावधनच्या पुढे पाण्याचा रंग आणि वास दोन्ही बदलले, मुलांनी नाकं धरली. पाषाण तलाव म्हणजे याच नदीवर घातलेला बांध. तिथं जलपर्णी बघून कुणीतरी ओरडलं, "शेंग गेली कामातून!" सोमेश्वरवाडीला देवळापाशी डावा-उजवा तीर शिकवला. पाणी जिकडे जातं तिकडे तोंड करून उभं राहायचं, मग आपला डावा हात तो डावा तीर. निम्मी वानरसेना उलटी उभी होती. एवढंसं पाणी बघून त्यांना पटेना, पण २०१० च्या ऑक्टोबरात हीच नदी पाषाण-बाणेरच्या वस्तीत शिरली होती.

मुळेच्या काठी नकाशा पसरला. मुळा-मुठा, मग भीमा, कर्नाटकात रायचूरजवळ कृष्णा, शेवटी बंगालचा उपसागर. "पण समुद्र तर अलिबागला आहे!" बरोबर होतं त्यांचं. सरळ रेषेत १०० किलोमीटरही नाही. पण मध्ये सह्याद्रीची धार आहे आणि आपलं पठार पूर्वेला कललेलं आहे, पाणी उताराचंच ऐकतं. "म्हणजे सकाळच्या गिअरसारखं," एकजण म्हणाला. मी एवढं सोपं करून कधी सांगितलं नव्हतं.

परतताना हायवेनं आलो. मुलं पेंगुळली होती. बावधनच्या पुढचा चढ संपला, काकांनी गिअर बदलला आणि मागच्या सीटवरून तीच मुलगी एवढ्या मोठ्यांदा ओरडली की काकांनी दचकून आरशात पाहिलं.

"बाई, मुठा लागली!"