डहाणूला सर्फिंग शिकायला जाताय? आधी तिथी बघा

सर्फिंग कॅम्पला जायचं ठरलं की बहुतेक मंडळी आधी जोडून सुट्टी कधी येते ते बघतात. माझा आग्रह आहे की आधी तिथी बघा. डहाणू-बोर्डीचा किनारा इतका सपाट आहे की ओहोटीला पाणी पार लांब निघून जातं आणि समोर नुसती ओली वाळू उरते. तेव्हा पोचलात तर बोर्ड उचलून चालण्यातच दम संपतो आणि लाट मिळते ती घोट्याएवढी. शिकण्याजोगं पाणी असतं ते भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा तास-दीड तास. कॅम्पचं सगळं वेळापत्रक त्याच्याभोवती फिरतं.

भरतीची वेळ काढायचं आपल्याकडचं जुनं गणित आहे: तिथीची पाऊणपट करायची. सप्तमीला सव्वापाच, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. शुक्ल पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांच्या अंतराने. हा अंदाज झाला, नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघायची. पण घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर एवढं कळलं तरी अर्धं काम होतं. आम्ही डिसेंबरातला सप्तमी-अष्टमीचा शनिवार-रविवार धरला. शनिवारी दुपारी पोचून संध्याकाळी पाण्यात, आणि रविवारी उजाडता उजाडता पुन्हा पाण्यात.

सप्तमी-अष्टमी धरण्यामागे आणखी एक कारण होतं. त्या दिवसांत भांग असतो. सूर्य आणि चंद्र एकमेकांशी काटकोनात असतात, ओढ विभागली जाते, म्हणून पाणी फार चढत नाही की फार उतरत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला आपल्याकडे भरती-ओहोटीतला फरक 4 मीटरच्या पुढे जातो, भांगाला तो निम्म्यावर येतो. पाणी संथपणे हलतं, पायाखालची ओढ कमी लागते. नवशिक्याला यापेक्षा चांगले दिवस नाहीत.

जून ते सप्टेंबर हा विषयच काढू नका. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय परंपरेने कोळी होड्या बाहेर काढत नाहीत, तिथे आपण कोण! शिवाय पावसाळ्यात, विशेषतः ऑगस्टच्या आसपास, आपल्या किनाऱ्यांवर निळ्या फुग्यासारखे ब्लूबॉटल वाहून येतात आणि त्यांचे धागे अंगाला लागले तर जीव कळवळतो. पावसाळा ओसरला की ऑक्टोबरपासून समुद्र निवतो. हिवाळ्यात इथल्या लाटा गुडघ्याच्या, फार तर कमरेच्या उंचीच्या. सर्फिंगमध्ये मुरलेली माणसं अशा लाटांकडे ढुंकूनही बघत नाहीत, ती कर्नाटकातल्या मुल्कीला नाहीतर चेन्नईजवळच्या कोवलमला जातात. पण पहिल्यांदा बोर्डवर उभं राहायचं असेल तर आपला हा उथळ, मातकट समुद्रच बरा. पडलात तर पाय टेकतात.

माझ्यासोबत होती माझी वहिनी. गिरगावात आयुष्य गेलं, घरातून चौपाटी दहा मिनिटांवर, आणि गुडघ्याच्या वर समुद्राचं पाणी कधी अंगाला लागलेलं नाही. पोहता येत नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मला झेपेल का गं? पन्नाशी आली." मी म्हटलं, "वहिनी, तू फक्त चल. नाही जमलं तर किनाऱ्यावर बस, चिकू खा." ती आली, आणि किनाऱ्यावर बसली नाही.

डहाणूला जायला गाडी काढायची गरज नाही. 2013 पासून लोकल थेट डहाणू रोडपर्यंत जाते. चर्चगेटपासून अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर. फेऱ्या मात्र मोजक्या आहेत, त्यामुळे वेळ बघूनच निघावं. विरार सुटलं की गाडीचा सूरच बदलतो. वैतरणेचा पूल, खाडीचं रुंद पाणी, मग सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर. वाणगाव येईपर्यंत डबा बराच रिकामा झाला होता आणि खिडकीतून गार वारा येत होता. डहाणू रोडला उतरून शेअर रिक्षा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या. इथल्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय आणि ते हक्काचं आहे. असा चिकू दादरच्या मंडईत मला क्वचितच मिळाला.

कॅम्प होता सुरूच्या बनामागे, चिकूच्या वाडीत. तंबू वाळूत असतील अशी कल्पना करून जाऊ नका. चांगला कॅम्प तंबू भरतीरेषेच्या बराच वर, झाडांच्या आडोशाला लावतो, आणि तेच योग्य आहे. दोन माणसांचा तंबू, पातळ गाद्या, एकेक ब्लँकेट. शौचालय पक्कं होतं, आंघोळीला बादली आणि हातपंपाचं पाणी. रात्री दव इतकं पडतं की बाहेर वाळत टाकलेले कपडे सकाळी जास्त ओले असतात. डास असतात. कानटोपी आणि पूर्ण बाह्यांचा कपडा हवाच.

कपड्यांचं सांगते, कारण बायका हे मला सगळ्यात जास्त विचारतात. लेगिंग आणि अंगाला बसणारा लांब बाह्यांचा सिंथेटिक टी-शर्ट पुरतो. सुती कुर्ता नको, पाणी पिऊन जड होतो. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या घरी ठेवा. डिसेंबरात पाणी पहिल्यांदा गार लागतं, पाच मिनिटांत सवय होते, वेटसूट लागत नाही.

पहिला पाऊण तास पाण्यात जायचंच नाही. कोच जवळच्याच गावचा, पंचविशीतला पोरगा. त्याने वाळूवर बोटाने बोर्डचा आकार काढला, मधून एक रेघ मारली आणि आम्हाला त्यावर पालथं झोपवलं. आधी कुठला पाय पुढे ते ठरवायचं. त्याने मागून येऊन खांद्याला हलकासा धक्का दिला, तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे पडला तो पुढचा पाय. वहिनीचा उजवा पडला. लीश, म्हणजे बोर्डला बांधलेली दोरी, मागच्या पायाच्या घोट्याला. मग क्रम: हात बरगड्यांशेजारी टेकवायचे, छाती उचलायची, पुढचा पाय दोन्ही हातांच्या मध्ये आणायचा, गुडघे वाकलेले, नजर समोर. "ताई, पायाकडे बघू नका. बघितलं की पडलात," हे तो इतक्या वेळा म्हणाला की रात्री झोपेतही ऐकू आलं असतं.

त्याने पडायलाही शिकवलं, आणि माझ्या मते संपूर्ण कॅम्पमधली सर्वांत मोलाची शिकवण तीच. उथळ पाण्यात सूर मारायचा नाही, पाठीवर किंवा कुशीवर आडवं पडायचं. वर येताना दोन्ही हात डोक्यावर, कारण बोर्ड कुठे आहे ते आपल्याला माहीत नसतं. बोर्ड कधीही आपल्या आणि लाटेच्या मध्ये धरायचा नाही; लाट तो सरळ तोंडावर आणून आपटते. समुद्राकडे खेचणाऱ्या प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडत बसायचं नाही, बोर्ड सोडायचा नाही, किनाऱ्याला समांतर सरकत बाहेर यायचं आणि हात वर करायचा. तुमचा कोच हे सगळं न सांगता थेट पाण्यात नेत असेल तर नम्रपणे नाही म्हणा.

बोर्ड असतात आठ-नऊ फुटी, वरून मऊ फोमचे. दोघी मिळून एक उचलायचा. पाणी कमरेपर्यंत आलं की थांबायचं, त्यापुढे नवशिक्याने जायचंच नसतं. लाट पुढे कुठेतरी फुटते आणि आपल्यापर्यंत येतो तो तिचा फेस. शिकायचं त्या फेसावर.

बोर्डवर पालथं पडून किनाऱ्याकडे तोंड केलं की मागचं काही दिसत नाही. फक्त ऐकू येतं. आधी दूरवर खळखळ, मग ती जवळ येते, आणि कोच म्हणतो, "हात मारा, मारा, मारा." मग बोर्डचं मागचं टोक उचललं जातं. तो क्षण मला फार आवडतो. पोटाखालची वस्तू इतका वेळ नुसती डुलत असते आणि अचानक तिला दिशा मिळते. पाण्याची थरथर फोममधून थेट बरगड्यांना जाणवते, कानाशी फेस सळसळतो आणि किनारा आपल्याकडे धावत येतो. उभं राहिलो नाही तरी चालतं. पहिले काही फेरे नुसते झोपून जायचे, तोही पुरेपूर आनंद आहे. मग गुडघ्यांवर. मग कधीतरी पाय आपसूक जागेवर पडतात आणि आपण उभे असतो, दोन-तीन सेकंद का होईना.

वहिनीला लाइफ जॅकेट घातलं होतं आणि कोच तिच्या बोर्डला धरूनच होता. सुरुवातीला तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. एका लाटेवर ती गुडघ्यांवर आली, दोन्ही हात बोर्डच्या कडांना, आणि वाळूला लागेपर्यंत तशीच राहिली. उठून पदर सावरल्यासारखा टी-शर्ट खाली ओढला आणि मला ओरडून म्हणाली, "अगं, परत! परत जाऊ!" अंधार पडेपर्यंत ती पाण्याबाहेर यायला तयार नव्हती.

रात्री तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील, डाळ-भात. भूक अशी लागलेली असते की कुणी बोलत नाही. नऊ वाजता सगळे आडवे.

दुसऱ्या दिवशी पहाटे खांदे आणि बरगड्या बोलायला लागतात. पोटावर फोम घासून लाल झालेलं असतं, नाकातून मधूनच खारं पाणी येतं. हे सगळ्यांचं होतं. तरीही सकाळची वेळ सोडू नका, कारण समुद्र तेव्हा सर्वांत शहाण्यासारखा वागतो. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते इथे अंगावर कळतात. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे पाण्याचा पृष्ठभाग विस्कटून टाकतात, लाटा कशाही येतात. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, पाणी गुळगुळीत असतं आणि लाट लांबूनच नीट रेषेत येताना दिसते. आदल्या संध्याकाळी जे जमत नव्हतं ते सकाळी जमलं, ते थोडं शिकण्यामुळे आणि बरंचसं या वाऱ्यामुळे.

पाण्याबाहेर आल्यावर पुढे चालत गेलो. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते, एक मावशी ते उलटेपालटे करत होत्या. वहिनीने विचारलं, "मावशी, तुम्ही कधी पाण्यात खेळलात का?" त्या म्हणाल्या, "पोट भरतं ते पाणी. त्यात खेळायला कुठला वेळ?" मग आमचे ओले कपडे बघून म्हणाल्या, "पोरं शिकतात ते बघते मी. चांगलं आहे. समुद्र बघणारी माणसं वाढली पाहिजेत." डहाणू तालुका 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला होता. आता दक्षिणेला वाढवण बंदर येतंय, ऑगस्ट 2024 मध्ये त्याचं भूमिपूजन झालं, आणि "एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द" ही मच्छीमारांची घोषणा या पट्ट्यात सगळ्यांना पाठ आहे. ज्या किनाऱ्यावर आपण दोन दिवस मजा करतो तो कुणाचा तरी रोजचा आहे, एवढं लक्षात ठेवून जाळ्यांपासून, होड्यांपासून लांब राहा आणि कचरा परत आणा.

कॅम्प निवडताना फोनवर चार गोष्टी विचारा. एका कोचमागे किती शिकाऊ असतात? मला चारपेक्षा जास्त पटत नाहीत. कोचला जीवरक्षकाचं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आहे का? न पोहणाऱ्यांना लाइफ जॅकेट मिळतं का? आणि त्या दिवशी भरती किती वाजता आहे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पटकन आलं नाही तर दुसरा कॅम्प बघा. दमा, पाठीचं दुखणं, खांदा निखळण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दारूची पार्टी हा ज्या कॅम्पचा मुख्य कार्यक्रम असतो तिथे मी जात नाही. झिंगलेल्या माणसाने सकाळी पाण्यात उतरणं धोक्याचं आहे.

परतीची लोकल दुपारची धरली. डहाणू रोडलाच गाडी सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते आणि दुखऱ्या खांद्यांना तिची फार गरज असते. स्टेशनबाहेर वहिनीने दोन किलो चिकू घेतले आणि पालघर यायच्या आत कोचचा नंबर माझ्याकडून तिच्या फोनमध्ये घेऊन ठेवला.