तिसरी बंदूक

आमच्याकडे तीन होत्या: आजोबांची ठासणीची, बाबांची बारा बोअरची दुनळी आणि मी हौसेनं घेतलेली एकनळी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यानं परवान्यावर फक्त दोन. वारशाची असली तरी मोजायचीच. जादाची वर्षभरात पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा.

हिशेबानं ठासणीचीच जायला हवी होती. दारू भरा, छरे घाला, गजानं ठासा, तोवर रानडुकरं भात तुडवून पसार! पण तिच्या दस्त्यावर आजोबांचा गाल टेकून टेकून गुळगुळीत झालेली जागा आहे.

आई म्हणाली, "तुझीच दी. तुझो नेम तरी खंय लागता?"

खरंच होतं म्हणा. नळी पुसून, तेल लावून एकनळी देऊन आलो. पावती ट्रंकेत, परवान्याशेजारी.