आठ वर्षं सीआयएफ लिहिलं, अर्थ रॉटरडॅमला कळला

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष निर्यात कंपनीत मी आठ वर्षं कागदपत्रांचं काम करते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो (मालाला कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला), बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती). नोकरी सांभाळून एमबीए करत होते, त्यात शेवटी दोन आठवडे रॉटरडॅमला शिकायला जायचं होतं, एप्रिल २०२४ मध्ये. एप्रिल म्हणजे हंगामाची शेपटी. साहेब म्हणाले, "जा, पण लॅपटॉप घेऊन जा." रजा मिळाली म्हणायची.

खरी कसरत व्हिसाची. पासपोर्टवर माहेरचं नाव, पगाराच्या स्लिपवर सासरचं. काउंटरवरच्या मुलीने फाइल परत सरकवली. मग लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, कंपनीचं ना-हरकत पत्र दोन्ही नावांनी पुन्हा टाइप करून, आणि पुढची तारीख मिळेपर्यंत रोज रात्री मोबाइलवर डोळे. शेंगेनसाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या एकत्रित व्हिसासाठी, किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तो मात्र घरबसल्या दहा मिनिटांत झाला. कोणाला जायचं असेल तर आधी सगळ्या कागदांवरचं नाव एक करून घ्या, बाकीचं जमतं.

फीचे युरो पाठवताना बँकेत ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा अर्ज) भरला. आयुष्यभर बाहेरून येणाऱ्या पैशांचे कागद रंगवले, बाहेर पाठवायची वेळ पहिलीच. हात जरा कापला.

वर्गातलं सगळंच कामाचं होतं असं नाही. संस्कृतींमधल्या फरकांच्या स्लाइड्स मी इथे बसूनही पाहिल्या असत्या. पण इन्कोटर्म्सच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या ठरलेल्या अटींच्या, तासाला सरांनी विचारलं, सीआयएफ (मालाची किंमत, विमा आणि जहाजभाडं धरून भाव) रॉटरडॅममध्ये जोखीम विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे कुठे जाते? मी ठणकावून सांगितलं, "रॉटरडॅमला." चूक. भाडं आणि विमा आपण भरतो रॉटरडॅमपर्यंत, पण आपली जोखीम माल मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरात जहाजावर चढला की संपते. आठ वर्षं हा शब्द रोज टाइप करत होते मी! कान गरम झाले.

मग मनात आलं, असं असेल तर तिकडच्या क्लेमच्या (माल खराब आल्याच्या तक्रारीच्या) ईमेलवर आमचे पैसे कसे कापले जातात? त्याचं उत्तर वर्गात नाही, बारेन्द्रेख्तला मिळालं. रॉटरडॅमच्या शेजारचं हे गाव म्हणजे फळांच्या आयातदारांचं ठाणं. एका शीतगृहात आम्हाला नेलं. योगायोगाने टेबलावर भारतातलीच थॉमसन जातीची द्राक्षं होती, आमची नव्हे. तपासनीसाने पनेट (द्राक्षांचा छोटा प्लास्टिकचा डबा) उघडलं, एका मण्यात थर्मामीटरची सुई खुपसली, आकडा लिहिला. मग घड देठाला धरून पांढऱ्या ट्रेवर हलकेच झटकला आणि गळालेले मणी मोजले. मण्यांच्या गोडीकडे त्याने बघितलंही नाही. बोटाने देठ वाकवला. तो कट्कन मोडला. आतून तपकिरी. "हिरवा हवा होता," एवढंच म्हणाला आणि पुढचं पनेट ओढलं.

त्या वर्षी लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जात होती. तीन-साडेतीन आठवड्यांचा प्रवास पाचच्या पुढे गेला होता. त्यात देठ सुकतो, मणीगळ वाढते. आणि आपला बराच माल कन्साइनमेंटवर जातो: हमीचा थोडा भाव आधी, खरा हिशोब विक्रीनंतर. म्हणजे कागदावर जोखीम न्हावा शेव्यातच उतरते, भाव मात्र या थंड टेबलावर ठरतो. क्लेमचे फोटो आले की ऑफिसात आम्ही म्हणायचो, तिकडचे लोक लबाड. काही असतीलही. पण तो देठ मी माझ्या डोळ्यांनी मोडताना पाहिला.

रात्री खोलीत भाजणीचं थालीपीठ लावायचं (चीज-पाव तीन दिवसांत नकोसा झाला होता) आणि लॅपटॉप उघडून पिंपळगावचे कागद करायचे. दोन्हीकडून थकले. खर्चही कमी नव्हता. पण पुन्हा विचारलं तर जाईन, वर्गासाठी नाही, त्या शीतगृहासाठी.

मे महिन्यात हिशोब आले. एका बागायतदाराचा फोन आला, "ताई, रॉटरडॅमला आमचे पैसे कशाचे कापले?"

एरवी मी म्हटलं असतं, तिकडचं काही सांगता येत नाही भाऊ. या वेळी प्रीकूलिंगचं (काढणीनंतर माल झटपट थंड करायचं) रेकॉर्ड काढलं आणि विचारलं, "काढणी किती वाजता झाली होती?"

"सकाळीच की."

"मग प्रीकूलिंगला माल चारला कसा लागला?"

थोडा वेळ पलीकडून नुसता पंपाचा आवाज येत राहिला. "टेम्पो उशिरा आला होता ताई. क्रेट झाडाखालीच होते."