रुग्णाभ्यंगाचे तेल

पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, कॅथलिक बिशप आपल्या सर्व धर्मगुरूंसह मिस्सा (मुख्य उपासना) अर्पण करतात आणि त्या वेळी वर्षभर लागणारी तीन तेले सिद्ध होतात : रुग्णांचे तेल, स्नानसंस्कारापूर्वी (बाप्तिस्म्यापूर्वी) लावायचे तेल आणि ख्रिस्मा नावाचे सुगंधी तेल. पहिल्या दोहोंवर आशीर्वादाची प्रार्थना होते. ख्रिस्म्यात मात्र बाल्सम हा सुगंधी राळेसारखा पदार्थ मिसळला जातो आणि बिशप त्यावर फुंकर घालून ते पवित्र करतात. त्या वर्षी पापडीच्या कॅथेड्रलमधून तिन्ही कुप्या घेऊन मी माझ्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) परतलो आणि त्याच संध्याकाळी एका रुग्णालयातून बोलावणे आले.

वसईतील एक वयोवृद्ध बागायतदार डोक्याच्या शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात होते. त्यांच्या मुलाने मला दारातच थांबवले. "फादर, नुसती प्रार्थना करा. तेल दिसले तर सगळे संपले असे बाबांना वाटेल," असे तो म्हणाला.

या भीतीला इतिहास आहे. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याचा हा संस्कार शतकानुशतके मृत्यूच्या उंबरठ्यावरच दिला जात असे आणि डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय अशा अवयवांना तेल लावले जाई. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये त्याला रुग्णांचा अभ्यंग (तेल लावणे) म्हणणे अधिक योग्य ठरवले. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी कपाळ व हात एवढ्यांनाच तेल लावण्याचा विधी घालून दिला आणि ऑलिव्ह तेल मिळत नसेल तेथे अन्य वनस्पतिजन्य तेलाचीही मुभा दिली. घराघरांतील समजूत मात्र अजून बदललेली नाही, आणि त्यामुळे शुद्धीत असलेल्या रुग्णापर्यंत आम्ही फार उशिरा पोहोचतो, याचे मला मनापासून दुःख होते.

मुलगा बायबलचा अभ्यासू होता. जुन्या करारात तेल राजांसाठी आणि याजकांसाठी असते, मग आजाऱ्याला ते कशासाठी, असे त्याने विचारले. त्याचे म्हणणे निराधार नव्हते. जुन्या करारातील निर्गम या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायात अभिषेकाच्या तेलाचे प्रमाण दिले आहे : ५०० शेकेल (वजनाचे जुने माप) गंधरस, २५० शेकेल दालचिनी, २५० शेकेल सुगंधी बोरू, ५०० शेकेल तज आणि एक हिन (द्रवाचे जुने माप) ऑलिव्ह तेल. त्या तेलाने निवासमंडप (उपासनेचा तंबू), कराराचा कोश, दीपवृक्ष, अहरोन आणि त्याचे पुत्र यांना अभिषेक करायचा होता. सामान्य माणसाच्या अंगावर ते ओतण्यास आणि तसेच तेल घरी बनवण्यास सक्त मनाई होती. रुग्णांचे तेल त्या मिश्रणाचे नव्हे. त्याचा आधार मार्कच्या शुभवर्तमानात आहे, जेथे बारा शिष्य अनेक आजाऱ्यांना तेल लावून बरे करतात, आणि याकोबाच्या पत्रात आहे. 'तुमच्यापैकी कोणी आजारी आहे काय?' असे याकोब विचारतो. मरणासन्न आहे काय, असे नव्हे. मंदिराच्या तेलाभोवती जी मर्यादा होती, ती येथे नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

बाबा जागे होते आणि आमचे बोलणे त्यांच्या कानावर गेले होते. त्यांनीच हात पुढे केला. कपाळ पट्टीखाली झाकलेले असल्यामुळे, तसेच गरजेच्या वेळी शरीराच्या अन्य भागावर एकच अभ्यंग पुरेसा असल्यामुळे, सलाईन नसलेल्या हाताच्या तळव्यावर तेल लावून मी प्रार्थना म्हटली. त्यांनी स्पष्ट आवाजात 'आमेन' म्हटले आणि लगेच मुलाला सांगितले की, पुढच्या आठवड्यात आईचे हृदयाचे ऑपरेशन आहे, तेव्हा फादरांना आदल्या दिवशीच बोलाव.