साखळी मापं आणि लाल पेन

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आज दुपारभर एकाच प्लेटच्या ड्रॉइंगवर बसलो होतो. गिऱ्हाइकाकडून आलेलं. पाच होल एका रांगेत, माप कडेपासून सुरू होऊन एकाला लागून एक, प्रत्येक २५ मिमी, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ±०.१. दिसायला चकाचक. टूलरूमच्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला नि विचारलं, “कडेपासून पाचवं होल कुठं येणार, सांग बरं?” १२५ वर, पण फरक साठत साठत ±०.५ पर्यंत! तीच मापं एका डेटम कडेवरून, म्हणजे सगळं जिथून मोजायचं त्या एकाच कडेवरून दिली की प्रत्येक होल ±०.१ मध्येच. मात्र मग शेजारच्या दोन होलांमधलं अंतर ±०.२ पर्यंत हलतं. म्हणून काकांचा हेका एकच: आधी जॉब (बनवायचा भाग) कशावर बसणार ते बघ, मग माप टाक.

कॉलेजात फर्स्ट अँगल, थर्ड अँगल या ड्रॉइंगमध्ये व्ह्यू मांडायच्या पद्धती घोटून घेतल्या. डायमेन्शनिंग, म्हणजे मापं टाकणं, घाईत उरकलं. आणि सगळीकडे ±०.०१ ठोकणाऱ्यांना एकदा ग्राइंडरवर उभं करायला हवं राव! २० मिमी डॉवेलच्या (भाग नेमक्या जागी बसवणाऱ्या पिनेच्या) होलाला एच७ हा ठरलेला टॉलरन्स द्या, शून्य ते अधिक २१ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग). बोल्ट नुसता सैल आरपार जायचा, त्या क्लिअरन्स होलाचे कशाला एवढे लाड?

उद्या गिऱ्हाइकाला फोन. डेटम कुठली धरायची, ते त्यांनाच विचारणार आहे.