मढ ते आक्सा: घड्याळ ठेवा, पंचांग काढा

वर्सोव्याच्या धक्क्यावरून मढच्या बोटीत पाय टाकतानाच आज कशी ओहोटी आहे ते कळतं. पाणी खूप खाली गेलेलं असेल तर एरवी बुडालेल्या पायऱ्या उघड्या पडतात, हिरव्या आणि बुळबुळीत. तिथे कठडा धरून उतरावं लागलं की मी खूश, कारण पलीकडची माझी धावायची वाट मोकळी असणार. पाणी वरच्या पायऱ्यांना लागलेलं असेल तर मढला उतरून मुकाट्याने डांबरी रस्ता धरायचा.

वाट म्हणजे मढच्या टोकापासून आक्सापर्यंतचा किनारा. रस्त्याने साधारण सहा-सात किलोमीटर, पुळणीवरून म्हणजे वाळूवरून आणि खडपांवरून म्हणजे काठच्या खडकांवरून आत-बाहेर करत गेलं की थोडं जास्त. टोकावरचा किल्ला हवाई दलाच्या ताब्यात आहे, त्यामुळे तिथे रेंगाळायचं नाही आणि मोबाइल तर बाहेर काढायचाच नाही. मग सिल्व्हर बीच, एरंगळ, दाना पानी, आक्सा. मुंबईत राहून समुद्राकाठी धावायचं म्हटलं की लोक मरीन ड्राइव्ह, वरळी सी फेस किंवा कार्टर रोड गाठतात. तिथे समुद्र फक्त डाव्या नाहीतर उजव्या हाताला असतो. पायाखाली फरशी, पुढे चौघे जण हात पसरून चालणारे, मागे सायकल. मरीन ड्राइव्हचे साडेतीन किलोमीटर वेग मोजायला उत्तम, पण त्याला किनाऱ्यावर धावणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

खरा राग आहे तो ‘रविवारी सकाळी सहा’ या वेळेचा. धावणाऱ्यांच्या प्रत्येक गटाची लांब पल्ल्याची दौड रविवारी सहाला ठरलेली. समुद्राला रविवार कळत नाही, तिथी कळते. कोळीवाड्यात आणि कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा. दिवसा तीच आणि रात्रीही जवळपास तीच, कारण दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटं जातात. ओहोटी त्याच्या सव्वासहा तास पुढे-मागे. अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्यायची; पण महिन्याभराच्या दौडी आखायला हा तोंडी हिशेब पुरतो.

आता हाच हिशेब धावण्याला लावा. पौर्णिमा किंवा अमावास्या, प्रतिपदा आणि द्वितीया, या तीन सकाळी ओहोटी साडेपाच ते पावणेआठच्या दरम्यान येते, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांबवर आत जातं. पंधरवड्यात तीन सकाळी, महिन्यात सहा. त्यातल्या एखाद्या रविवारी आल्या तर नशीब. सप्तमी ते दशमी सकाळी सहा-सातला समोर भरती असते. भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट कमी जोराची भरती म्हणून ती फार चढत नाही, हे खरं, पण ओहोटीही फार उतरत नाही. दीड-पावणेदोन मीटर पाणी कायम राहतं आणि खडपांची खालची पायरी उघडी पडतच नाही.

या वाटेवर कोण अडकतं आणि का, हे सगळ्यांत नीट समजून घ्यायला हवं, कारण एरंगळ ते दाना पानी आणि पुढे आक्सा या टप्प्यात पुळणी संपून खडकाळ टोकं लागतात. ओहोटीला त्यांच्या पायथ्याने वळसा घालता येतो. उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार मीटर चढतं असं धरा. ते सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात बाराव्या हिश्शाने, म्हणजे जेमतेम सदतीस सेंटिमीटर. दुसऱ्या तासात दोन हिस्से, पाऊण मीटर. तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन हिस्से, दर तासाला एक मीटरहून जास्त. पहिल्या तासात टोकाला वळसा घातलेल्या माणसाला वाटतं, भरती काय, आरामात येते आहे. तो पुढे पुळणीवर जातो, फोटो काढतो, नारळपाणी पितो आणि तिसऱ्या तासात परत येतो. तोवर पायथ्याची वाट कमरेएवढ्या पाण्यात, वर लाटांचा मार वेगळा. म्हणून माझा नियम: टोकं ओहोटीच्या आधीच्या दीड तासात ओलांडायची आणि पाणी फिरल्यावर त्याच वाटेने परतायचं नाही. मढहून निघायचं, आक्साला संपवायचं. जाऊन-येऊन धावण्याचा हट्ट असेल तर परतीला रस्ता आहेच.

खडपावर धावणं हा शब्द तसा चुकीचा. तिथे भरभर चालायचं. मुंबईच्या दक्षिणेकडे काळा बेसॉल्ट दिसतो, इथे वर मढ-गोराई-उत्तन पट्ट्यात रायोलाइट आणि ट्रॅकाइटसारखे फिकट, पिवळट-तपकिरी लाव्हाचे खडक आहेत. कोरडा खडक बुटाला छान धरतो. घात करतं ते शेवाळ. हिरवं शेवाळ दिसतं तरी, पण काळसर पातळ थर नुसता ओला खडक वाटतो आणि पाय सरळ निघून जातो. त्यापेक्षा कालवं चिकटलेल्या खरबरीत भागावर पाय द्यावा, पकड मिळते. मात्र तिथे पडलात तर तळहात आणि गुडघे ब्लेडने कापल्यासारखे फाटतात, तेव्हा या पट्ट्यात हातमोजे घातले तर कोणी हसत नाही. हसलं तर हसू द्या. बुटाच्या तळाला पाच-सहा मिलिमीटरच्या खुंट्या चिखलासाठी असतात. ओल्या दगडावर त्या टेकायला जागाच कमी देतात. तीन-चार मिलिमीटर आणि मऊ रबर बरं. कालवं काढायला बसलेल्या बायका जिथून ये-जा करतात ती वाट सगळ्यांत भरवशाची. त्यांच्या मधून मात्र धडधडत जायचं नाही. ते त्यांचं कामाचं ठिकाण आहे.

पुळणीवर उलट चूक होते. लोक कोरड्या वाळूत धावतात आणि पोटऱ्या गमावतात. नुकतं पाणी उतरलेला ओलसर, घट्ट पट्टा शोधायचा: पावलाचा ठसा उमटतो पण टाच रुतत नाही, असा. पाय टेकल्यावर भोवतीची वाळू क्षणभर कोरडी, फिकट दिसली तर जागा बरोबर. पाणी सुटून पाऊल चिकटलं तर तुम्ही फार खाली आहात. पुळणीचा वरचा भाग उतरता असतो, तिथे समुद्राकडचा पाय सतत खाली पडतो आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं. ओहोटीला खालचा भाग सपाट मिळतो, हा तिथी बघण्याचा आणखी एक फायदा.

एरंगळला सोळाव्या शतकातलं सेंट बोनाव्हेंचरचं चर्च अगदी पाण्याजवळ आहे. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी तिथे जत्रा भरते. मुंबई मॅरेथॉनच्या साधारण आदला रविवार. त्या दिवशी धावायला नाही, जेवायला जावं.

आक्सा मला आवडत नाही. लांबरुंद आहे, पण शनिवारच्या रात्रीच्या बाटल्या रविवारी सकाळी वाळूत फुटलेल्या असतात, म्हणून अनवाणी धावण्याचं कौतुक इथे गुंडाळून ठेवायचं. कुत्र्यांची टोळी धावणाऱ्यालाच धरते. थांबून चालायला लागलं की त्यांचा रस जातो. आणि अंग धुवायला म्हणून पाण्यात उतरायचं नाही. आक्साला दरवर्षी माणसं बुडतात, बहुतेक कमरेएवढ्या पाण्यातच सुरुवात करणारी. पावसाळ्यात तर ही सगळी वाट बंद समजायची. पुळणीवर निळ्या फुग्यासारखे विषारी जीव येऊन पडतात, सुकलेले दिसले तरी त्यांचे दोरे डसतात. डसलं तर चोळायचं नाही, दोरे उचलून टाकायचे आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय धरायचा.

हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, कोरडा आणि थोडा धुरकट. दहा-अकराला तो पडतो आणि समुद्राकडचा खारा वारा सुरू होईपर्यंत मधला तास नुसता उकाडा. त्याच्या आत संपवायचं. या वाटेवर पाण्याची सोय धरू नका: लिटरभर पाणी आणि चिमूटभर मीठ-साखर पाठीवर हवी.

परतीला मालाड स्टेशनची २७१ नंबरची बस. बूट घरी गेल्या गेल्या गोड्या पाण्यात बुडवायचे, आतले पातळ तळ वेगळे काढायचे, वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवायचे. उन्हात ठेवले की गोंद सुटतो, न धुता ठेवले तर मीठ लेसच्या कड्या खातं. बस मार्वे रस्त्यावर खारोडीवरून जाते. गेटवे ऑफ इंडियाचा पिवळा दगड इथलाच. तिथपर्यंत बसायला जागा मिळालेली नसते.