लागला का?

पुतणीला रायफल शूटिंगच्या क्लासला सोडायचं काम या उन्हाळ्यात माझ्या गळ्यात पडलं. वेळ दुपारी तीनची. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं छाती फुगवून सांगणारी माणसंसुद्धा मे महिन्यात त्या वेळेला दार लावून पडलेली असतात. क्लास एका मंगल कार्यालयाच्या तळघरात. वर लग्नाची गादी-तक्के, खाली दहा मीटरची रेंज. गार वाटलं म्हणून बसून राहिलो.

मला वाटलं होतं, ठो ठो चालू असेल. तसलं काही नाही. एअर रायफलचा आवाज फट् एवढाच. पोरगी नेम धरायची, धरून ठेवायची, इतका वेळ की माझाच श्वास अडकायचा, मग फट्. आणि गोळी सुटली की टार्गेटकडं ढुंकूनही बघायची नाही. मान वळायची ती शेजारच्या मॉनिटरकडं. तिथं गोलात एक ठिपका उमटायचा आणि आकडा यायचा. ९.७. १०.२. मी आपला समोरच्या भिंतीवरचा काळा ठिपका न्याहाळत बसलेलो.

“काका, तिकडं काय बघायलास? तिकडं काही दिसत नसतंय. इकडं बघ.”

तिच्या सरांनी मला समजावून सांगितलं. तो काळा गोल जेमतेम तीन सेंटीमीटरचा, आणि त्याच्या मधोमध ‘दहा’ म्हणजे फक्त अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे नेमापेक्षा बाण नऊपट जाड. त्या ठिपक्याला छर्‍याची कड शिवली तरी दहा, आणि अगदी बरोबर मध्यात बसला तर १०.९. त्याच्या वर आकडा नाही. पूर्वी कागदाचं कार्ड तारेवरून ओढून घ्यायचे, भोकात गेज घालून भिंग लावून कड बघायचे आणि त्यावर वाद घालायचे. आता टार्गेटच्या चौकटीत मायक्रोफोन बसवलेले असतात. छर्रा कागद फोडतो तो आवाज कुठल्या मायक्रोफोनला आधी पोचला, कुठल्याला नंतर, त्या फरकावरून मशीन जागा काढतं. काही मशीनमध्ये प्रकाशाच्या किरणांवर काम चालतं, पण इथलं मशीन आवाजावरचं.

म्हणजे टार्गेट बघत नाही, ऐकतं. हे मला फार आवडलं.

कारण माझाही तोच रोग आहे. आवाज आल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. गॅसच्या रेग्युलेटरनं खट् म्हटलं पाहिजे. कुलूप लावून ओढून बघितल्यावर कडीनं खडखड केली पाहिजे. घरचे हसतात. पण आता सगळं जगच माझ्या वळणावर आलंय. आमच्या बाजारातल्या भाजीवाल्या मावशींना मी मोबाइलवरचा हिरवा बाण दाखवला, ‘पेमेंट सक्सेसफुल’ दाखवलं, तर त्या मेथीच्या जुडीवरून हातही उचलत नाहीत. “डबा बोलू द्या आधी.” मग तो त्यांचा निळा डबा पपईच्या ढिगामागून खणखणीत आवाजात सांगतो, चाळीस रुपये प्राप्त झाले. तेव्हा मेथी पिशवीत. नेम लागला, घंटी झाली, नोंद झाली.

घंटीवरून आठवला तो पैलवान.

माळेगावची यात्रा. लोहा तालुक्यातला खंडोबा, मार्गशीर्ष सरत आलेला, आणि यात्रेपाठोपाठ येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. घरात उंडे-भज्जीची तयारी चाललेली आणि आम्हा पोरांचे पाय माळेगावकडं ओढ घेतलेले. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार मोठ्या माणसांसाठी. तमाशाचे तंबू त्याहून मोठ्या माणसांसाठी. आमच्यासाठी पाळणा, मौत का कुआँ, आणि बंदुकीचं दुकान. फळीवर फुगे लावलेले, नळी मोडून छर्रा घालायची बंदूक, आणि फुगा फुटला की साबणाची वडी नाहीतर कंगवा. असली दुकानं पाच-सहा. पण एका चाचांचं दुकान वेगळं होतं. त्यांच्याकडं फुगे नव्हतेच.

त्यांच्याकडं पत्र्याचा पैलवान होता. हातभर उंच, लाल लंगोट, मिशा रंगानं काढलेल्या, आणि छातीवर आठ आण्याएवढा पितळी बिल्ला. बिल्ला नीट बघितला तर पत्र्याला चिकटवलेला नव्हता; मागच्या एका दांडीच्या टोकाला बसवलेला होता आणि पत्र्यातल्या भोकातून पुढं डोकावत होता. छर्रा बिल्ल्याला लागला की दांडी मागं सरायची, अडकण सुटायची, सायकलची घंटी टणकन वाजायची आणि पैलवानाचा उजवा हात धाडकन वर. कुस्ती मारल्यासारखा. तेवढ्यावरही भागायचं नाही. त्याच दांडीनं वरच्या नळीतली एक काचेची गोटी मोकळी व्हायची आणि घरंगळत खालच्या बरणीत टप्पकन पडायची. चाचा दोरी ओढून हात पुन्हा खाली आणायचे. संध्याकाळी बरणीतल्या गोट्या मोजल्या की दिवसभरात किती जणांना बक्षीस दिलं त्याचा हिशोब. पोरानं मध्येच एखादा कंगवा खिशात घातला तर तो गोट्यांतून सापडायचा. पोरगा म्हणजे त्यांचाच, गल्ल्यावर बसलेला.

बिल्ल्याच्या भोवती नुसता पत्रा. तिथं छर्रा लागला तर ठण् व्हायचं, पण घंटी नाही. आणि भांडणं तिथंच. यात्रेला आलेला कोणी फेटेवाला मामा तावातावानं सांगायचा, बिल्ल्यालाच लागलाय, मी डोळ्यानं बघितलंय. चाचा शांतपणे विडी बाजूला ठेवायचे.

“देखो मामा, मैं झूट बोलूँगा, तुम झूट बोलेंगे. पैलवान झूट नै बोलता.”

मामा गप्प. पत्र्याच्या पैलवानाशी कोण हुज्जत घालणार? पण मला आठवतं, एखादं लहान पोरगं खेटून उभं राहून शेवटचा छर्राही वाया घालवायचं, तेव्हा चाचांचा हात फळीखाली जायचा. टणकन घंटी. पैलवानाचा हात वर. पोरगं नाचायला लागायचं. त्या वेळी मी कान देऊन ऐकायचो: बरणीत गोटी पडायची नाही. फळीखालची दोरी फक्त घंटीला आणि हाताला बांधलेली होती. आनंद वेगळा आणि हिशोब वेगळा, अशी त्यांची व्यवस्था. तळघरातल्या मॉनिटरला असली दोरी नाही. क्लासमधल्या एका बारक्याला ४.३ पडले तेव्हा त्यानं तोंड एवढंसं केलं, आणि मशीननं तो ४.३ जपून ठेवला.

पुढं कॉलेजात एनसीसीला पॉइंट टू टू रायफल हातात आली. तिथं घंटी नव्हती, मॉनिटर नव्हता. पंचवीस मीटरवर कागद, पालथं पडून गोळ्या मारायच्या, मग सगळ्यांनी मिळून चालत जायचं आणि उस्ताद ग्रुपिंग, म्हणजे भोकं एकमेकांच्या किती जवळ पडली ते, मोजणार. त्यापेक्षा खरी मोजदाद चालायची ती रिकाम्या खोक्यांची, म्हणजे गोळी सुटल्यावर मागं उरणार्‍या टरफलांची. जितक्या गोळ्या दिल्या तितकी खोकी परत. एक कमी पडलं की अख्खी तुकडी कुसळांत रांगत. गोळी कुठं गेली याची कुणाला फिकीर नव्हती, खोकं कुठं गेलं यावर मात्र सूर्य मावळायचा.

आमच्यातल्या एकाच्या कागदावर मारलेल्या गोळ्यांपेक्षा जास्त भोकं निघाली होती. शेजारच्याचा कागद कोरा करकरीत. उस्ताद म्हणाले, “दोस्ती अच्छी है, निशाना खराब है.” कागदाला काय, त्याला भोक कळतं, कुणी पाडलं ते कळत नाही. हा घोळ फक्त आमच्यासारख्यांचा असंही नाही. मोठ्या स्पर्धांच्या नियमांतसुद्धा ‘क्रॉसफायर’ म्हणून कलम आहे, दुसर्‍याच्या टार्गेटवर गोळी मारली तर काय करायचं त्याचं.

तसा हा खेळच जरा चमत्कारिक. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रुळांवरून धावणार्‍या नकली हरणावर गोळ्या झाडायची स्पर्धा होती. स्वीडनच्या ऑस्कर स्वान नावाच्या दाढीवाल्या गृहस्थांनी तिथं साठाव्या वर्षी सुवर्णपदक मिळवलं आणि १९२० मध्ये बहात्तराव्या वर्षी रौप्य. आमच्याकडं त्या वयाचे लोक पाणंदीवरून भाऊबंदाच्या बांधाचा नेम धरून असतात. पॅरिसला २०२४ मध्ये कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे कांस्यपदकाला पोचला, तेव्हा आम्ही सगळे टीव्हीला चिकटलो होतो. पन्नास मीटरवरचं टार्गेट टीव्हीवरही आकड्यांतूनच दिसतं. ४५१.४. त्या शेवटच्या ‘पॉइंट चार’ला आमच्या शेजारच्या काकांनी टाळी वाजवली, इतकं आम्हाला कळायला लागलंय.

यातलं काहीही लिहायचं माझ्या मनात नव्हतं. मनात होती आजोळची देवडी.

पांढर्‍या मातीचं माळवदाचं घर. देवडीच्या भिंतीत, पुरुषभर उंचीवर, तीन भोकं. बोट घातलं तर दोन पेरं आत जायचं, आम्ही घालायचोच. दसर्‍याआधी सगळं घर सारवायचं, पोचारा फिरायचा, पण तेवढ्या जागेवर आजी हात फिरवू देत नसे. “राहू द्या तेवढं.” रझाकारांच्या वेळचं आहे, एवढंच सांगायची. निजामाच्या बाजूच्या त्या हत्यारबंद दलाचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचाच वकील, त्यामुळं आमच्या भागात ही नावं पुस्तकातून येत नाहीत, ओसरीवरून येतात. पण समोरच्या आळीतले म्हातारे वेगळंच सांगायचे. म्हणायचे, रझाकार देवडीत होते, गोळ्या आल्या त्या बाहेरून, सरहद्दीवरच्या कॅम्पातून निजामाविरुद्ध लढणार्‍या आपल्याच पोरांच्या. दोघांपैकी एकही मागं हटायचा नाही. तीन भोकं, दोन गोष्टी, आणि भिंत काही सांगत नव्हती.

एकदा मामा मला माळेगावला घेऊन गेला तेव्हा पैलवानाच्या दुकानासमोर तो चाचांशी बराच वेळ बोलत उभा राहिला. ओळख जुनी असावी. बोलता बोलता चाचा म्हणाले, पोलिस ॲक्शनच्या, म्हणजे भारताची फौज निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरली त्या साली त्यांचे वडील आणि दोन चुलते गेले. रझाकार नव्हते, रंगारी होते. मामा काही बोलला नाही, मला नळी मोडून छर्रा घालायला शिकवत राहिला. मला तेव्हा पोलिस ॲक्शन म्हणजे १३ ते १७ सप्टेंबर १९४८, म्हणजे झेंडा आणि शाळेत मिळणारं चॉकलेट, एवढंच ठाऊक. त्यानंतरच्या दिवसांत काय झालं ते बघायला दिल्लीनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती, हे खूप नंतर वाचलं. त्यांनी सबंध हैदराबाद संस्थानात मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार सांगितला, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड लिहिले. अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. रझाकारांनी गावंच्या गावं लुटली, माणसं मारली, हेही तितकंच खरं, आणि आजी ते उगाच सांगत नव्हती. पण आम्ही सतरा सप्टेंबरला जे मोजतो त्यात चाचांचे वडील आणि चुलते धरत नाही. ते मला खटकतं, आणि घरात बोलून दाखवलं की विषय चहावर जातो.

देवडी आता नाही. मामाच्या पोरानं दोन-तीन वर्षांखाली सगळं पाडून स्लॅब टाकला. फोनवर मी म्हटलं, ती भोकं तरी ठेवायची होतीस. तो म्हणाला, “दादा, माळवद गळू लागलं होतं, खाली लेकरं झोपतात. भोकं कुठं ठेवू?”

बरोबर आहे त्याचं.